भातात मीठ कधी घालता? सवयींवर नजर ठेवणाऱ्या काळाची गोष्ट

(एपिसोडचा मजकूर. बोलताना जे जसं आलं, तसंच ठेवलंय. थोडी काटछाट केली आहे, एवढंच.)

आज सुरुवात एका अगदी फालतू वाटणाऱ्या प्रश्नाने करतो.

तुमच्या घरी भातात मीठ कधी घालतात? तांदूळ शिजत असतानाच, की शिजवताना अजिबात नाही आणि मग ताटात ज्याला हवं तो आपापलं घेतो?

बघा, कधी विचारच केला नसेल. आपल्याला वाटतं जगात सगळे आपल्या आईसारखाच भात लावतात. मग एकदा मित्राच्या घरी जेवायला बसतो, पहिला घास घेतो आणि काहीतरी वेगळं लागतं. मनात येतं, "यांच्या भातात मीठ आहे." नाहीतर, "अरे, यांच्या भातात मीठच नाही." बस्. पुढचा घास घेतो आणि विसरून जातो.

पण एक काळ असा होता की या मिठाची नोंद सरकारदरबारी झाली होती. भात अळणी शिजवून नंतर चवीपुरतं मीठ घेणं हे चक्क बंदी घातलेल्या गोष्टींच्या यादीत होतं. आणि ज्या राज्यात ही यादी निघाली, त्याच राज्यात तेव्हा आपली वसई होती. आपलं भुईगावही.

आजचा विषय हाच. आपल्या बारीकसारीक सवयी, आवडीनिवडी, खोडी. त्यांच्याकडे इतिहासाने कसं बघितलं, कोणी बघितलं आणि त्यातून काय उरलं.

आधी जागा समजून घेऊ

जे वसईचे नाहीत त्यांच्यासाठी. विरार लोकलने वसई रोडला किंवा नालासोपाऱ्याला उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडायचं, बस किंवा रिक्षा पकडायची. दहा-पंधरा मिनिटांत बिल्डिंगा विरळ व्हायला लागतात. मग केळी, नारळ, विहिरी, भाजीची वाफे, मध्येच एखादं चर्च, मध्येच देऊळ. गास, निर्मळ, वाघोली, गिरीज, भुईगाव अशी गावं एकमेकांना चिकटून आहेत. भुईगावच्या पुढे थेट समुद्र.

या पट्ट्यात कुपारी समाज राहतो, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. याच भागात सामवेदी ब्राह्मणही राहतात. दोघांचे धर्म वेगळे, पण घरातली बोली एकच. सामवेदी म्हणा नाहीतर कादोडी म्हणा. मुंबईच्या माणसाला ती पटकन कळत नाही. मराठीच वाटते, पण मध्येच हातातून निसटते. ही बोली लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचंय.

आता तारखा. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकून घेतली. मधली दोनशे पाच वर्षं पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पा आपल्याला शाळेत शिकवतात. मधल्या दोनशे वर्षांत लोक काय खात होते, काय नेसत होते, लग्नात काय गात होते, ते कोणी शिकवत नाही.

ती यादी

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. मराठीत त्याला धर्मसमीक्षण सभा असंही म्हणतात. सोपं करून सांगायचं तर हे धर्माचं न्यायालय. बाप्तिस्मा घेतलेला माणूस खरंच ख्रिस्ती म्हणून जगतोय का, की आतून जुनंच काही पाळतोय, हे तपासणं हे त्याचं काम. पूर्वेकडचा सगळा पोर्तुगीज मुलूख त्याच्या कक्षेत यायचा, म्हणजे वसईसुद्धा. १७७४ मध्ये ते काही वर्षं थांबवलं गेलं, पुन्हा सुरू झालं आणि शेवटी १८१२ मध्ये कायमचं बंद झालं.

या सभेने १७३६ मध्ये एक लांबलचक जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात तो वाचायला मिळतो. मला वाटलं होतं, त्यात मूर्ती, मंत्र, देवळं असलं काहीतरी असणार. पण त्यातला बराचसा भाग वाचताना एखाद्या मावशीने लग्नघराचं वर्णन करावं तसं वाटतं.

लग्नाच्या निमित्ताने एकमेकांच्या घरी विड्याची पानं, सुपारी, फुलं, तळलेले पदार्थ पाठवायचे नाहीत. नवरा-नवरीला हळद, तेल असलं काही लावायचं नाही. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. पुरुषांनी धोतरासारखं नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. दारात, परसात तुळस लावायची नाही. आणि हो, भात मीठ न घालता शिजवून वरून चवीपुरतं मीठ घ्यायचं नाही, कारण हिंदू तसं करतात.

आता क्षणभर थांबा आणि विचार करा. हा जाहीरनामा लिहिणारा माणूस कोणी मोठा अधिकारी असणार. त्याच्या हाताखाली कारकून, शिपाई, तुरुंग. आणि तो बसून लिहितोय की कोणाच्या पातेल्यात मीठ कधी पडतंय.

मिठाने यांचं काय बिघडलं?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर महत्त्वाचं आहे. माणसाच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही. तुम्ही रविवारी चर्चमध्ये गेलात, गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली. आत काय आहे? बाहेरून बघणाऱ्याला कळायला मार्गच नाही. मग तो काय करणार? जे दिसतं, ते बघणार. ताट, कपडे, अंगण. मीठ.

नैवेद्याच्या भातात मीठ घालत नाहीत, पानात मीठ वेगळं वाढतात, हे आपल्याकडे अनेक घरांत आहे. बाहेरच्या माणसाने त्यावरून गणित मांडलं. अळणी भात शिजतोय, म्हणजे नैवेद्य आहे. नैवेद्य आहे, म्हणजे देव आहे. म्हणजे हा माणूस खोटा ख्रिस्ती आहे. प्रत्यक्षात त्या बाईने भात अळणी शिजवला, कारण तिची आई तसाच शिजवायची. एवढंच कारण असू शकतं की! पण संशय घेणाऱ्याला एवढं साधं कारण पुरत नाही.

ही काही गोव्यातच सुचलेली युक्ती नाही. स्पेनमध्ये १४७८ साली इन्क्विझिशन सुरू झालं. तिथे नजर होती ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या लोकांवर. शनिवारी धुतलेला सदरा घातला? संशय, कारण शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. स्वयंपाक डुकराच्या चरबीऐवजी तेलात केला? संशय. डुकराचं मांस आवडत नाही म्हणून बाजूला सारलं? मोठाच संशय. अशा खुणांची यादी लोकांना वाचून दाखवत आणि सांगत, शेजारीपाजारी असं कोणी दिसलं तर कळवा.

विचार करा, "मला हे आवडत नाही" एवढं म्हणणंही धोक्याचं होतं.

एका तरुणाची गोष्ट, जो वसईच्या तुरुंगात होता

हे सगळं फक्त हिंदू किंवा ज्यू धर्मातून आलेल्यांपुरतं होतं असं समजू नका. शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. वय विशीतलं, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या वयाचा. जन्माने कॅथलिक. फिरत फिरत दमणला आला आणि तिथे डॉक्टरकी करायला लागला.

दमणमध्ये तेव्हा एक पद्धत होती. दानाच्या पेट्या घेऊन लोक फिरत. पेटीवर संताचं चित्र असे. पैसे टाकायचे आणि चित्राचं चुंबन घ्यायचं. देलाँ पैसे टाकायचा, पण चुंबन घ्यायचा नाही. त्याला ते पटायचं नाही. शिवाय बोलायची सवय. मूर्ती आणि चित्रांबद्दल, इन्क्विझिशनबद्दल जे वाटायचं ते चारचौघांत बोलून टाकायचा.

१६७३ मध्ये त्याला दमणमध्ये पकडलं. पुढे गोव्याला नेताना वाटेत काही दिवस वसईच्या तुरुंगात ठेवलं. भुईगावपासून वसईचा किल्ला काही किलोमीटरवर आहे. आपण तिथे पावसाळ्यात फोटो काढायला जातो. १६७४ च्या जानेवारीत तो गोव्याच्या कोठडीत पोचला. दोन वर्षांनी, १६७६ च्या जानेवारीत, शिक्षा जाहीर झाली. मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपार आणि पोर्तुगालमध्ये पाच वर्षं सक्तमजुरी. नशिबाने तो लवकर सुटला आणि १६८७ मध्ये त्याने सगळा अनुभव पुस्तकात छापला. युरोपभर लोकांनी ते वाचलं.

या गोष्टीतला मला सर्वांत बोचणारा भाग वेगळाच आहे. देलाँने स्वतः लिहिलंय की त्याच्या अटकेमागे खरं कारण दमणच्या गव्हर्नरचा मत्सर होता. एका बाईकडे देलाँचं जाणं-येणं होतं आणि ते गव्हर्नरला खुपत होतं. म्हणजे बघा. भांडण दोन पुरुषांचं, पण कागदावर पुरावा म्हणून आली ती एक बारीक सवय, चुंबन न घेण्याची.

सवय गुन्हा ठरली की असंच होतं. ज्याला ज्याचा काटा काढायचाय, त्याला कारण सापडतं. कारण सवयी सगळ्यांनाच असतात.

गंमत अशी की "तुरुंग" हा शब्दच आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळालाय असं भाषेचे अभ्यासक सांगतात. त्यांचा तो "त्रोंको".

ओव्यांची उलटी गोष्ट

यादीत ओव्या होत्या म्हटलं ना? आता हे ऐका.

१६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे एक पुस्तक छापलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट. त्याने येशूची कथा मराठीत लिहिली. ग्रंथाचं नाव ख्रिस्तपुराण. आणि छंद कुठला घेतला? ओवी! सुमारे अकरा हजार ओव्या. या माणसाला कळलं होतं की इथल्या लोकांच्या कानाला ओवी आवडते. दळताना, कांडताना, लग्नात, पाळण्याशी ओवी असतेच. मग देवाची गोष्ट सांगायची तर त्यांच्या आवडीच्या चालीत सांगावी.

म्हणजे १६१६ मध्ये एक धर्मगुरू ओवीला चर्चमध्ये घेऊन येतो. आणि १७३६ मध्ये त्याच धर्माची दुसरी मंडळी लग्नातल्या ओव्यांवर बंदी घालतात. मध्ये फक्त १२० वर्षं. मधल्या काळात १६८४ मध्ये गोव्यात आणखी एक हुकूम निघाला होता. लोकांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी म्हणून. तीन वर्षांत भाषा बदला! आपल्याला तीन वर्षांत मोबाइलचा कीबोर्ड बदलवत नाही.

म्हणून हा विषय "तो धर्म वाईट, हा धर्म चांगला" असा नाहीच. एकाच चर्चमध्ये दोन प्रकारची माणसं होती. एकाला लोकांची सवय कळली आणि त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्याला तीच सवय दिसली आणि त्याने संशय घेतला.

मग उरलं काय?

१७३६ चा जाहीरनामा वसईत किती लागू झाला असेल? फार वेळच मिळाला नाही. पुढच्याच वर्षी, १७३७ मध्ये, मराठ्यांची साष्टीची मोहीम सुरू झाली आणि १७३९ मध्ये वसई पडली. पोर्तुगीज अंमलदार, सरदार निघून गेले. पण इथले ख्रिस्ती शेतकरी कुठे जाणार? त्यांची वाडी इथे, विहीर इथे, घर इथे. ते राहिले. आणि धर्मही राहिला. आता सक्ती करणारं कोणी नव्हतं, तरी त्यांनी चर्च सोडलं नाही. ही गोष्ट आपण नीट लक्षात घेत नाही. ज्यांच्यावर "आतून खोटे" असा संशय होता, त्यांनी पहारेकरी गेल्यावरही श्रद्धा टिकवली. अळणी भातावरून मांडलेलं गणित चुकलं ते इथे.

आणि सवयी? गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात आजही रोस असतो. नवरा-नवरीला नारळाचं दूध आणि तेल लावतात, तेव्हा गाणीही म्हणतात. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन लग्नांत हळद असते, वाजतगाजत जाऊन आणलेलं उंबराचं पाणी असतं. भुईगाव-निर्मळच्या पट्ट्यात म्हाताऱ्या कुपारी बायका लाल लुगडं नेसायच्या, काही अजूनही नेसतात. गळ्यात क्रूस आणि अंगावर लुगडं. यादी लिहिणाऱ्याला हे दोन एकत्र बसूच शकत नाहीत असं वाटलं असतं. तिला मात्र त्यात काही विशेष वाटत नाही.

दुसरी बाजूही बघा. पोर्तुगीजांकडून आपण काय काय उचललं? बटाटा, मिरची, काजू, पेरू, पपई, अननस ही सगळी त्यांच्या जहाजांतून आलेली. पाव हा शब्द त्यांचा. चावी, पगार, घमेलं हेही त्यांच्याकडचे शब्द. हापूस आंब्याच्या नावातही पोर्तुगीज अफोन्सो लपलाय. यातल्या एकाही गोष्टीसाठी हुकूम काढावा लागला नाही. "मिरची खा नाहीतर दंड" असं कोणी म्हटलं नाही. लोकांना चव आवडली, झालं. आज मिरचीशिवाय मराठी स्वयंपाक आठवून बघा. उपासाच्या ताटातसुद्धा बटाटा आहे! ज्या सोवळ्यातल्या आजी परक्याच्या हातचं पाणी घेत नव्हत्या, त्याही एकादशीला अमेरिका खंडातून आलेला बटाटा खात होत्या.

हुकमाने हळद पुसली गेली नाही. हुकमाशिवाय बटाटा मात्र देवघराच्या दारापर्यंत गेला. आवड ही अशी चीज आहे. ती कोणाचं ऐकत नाही, आणि तिच्यावरून माणसाचा धर्म, निष्ठा, जात असलं काही ठरवायला गेलं की हमखास चुकतं.

आजची यादी

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं. आता कुठे इन्क्विझिशन?

बरोबर. आता तुरुंग नाही. पण भाड्याने घर बघायला गेलात की एक प्रश्न येतो का नाही? "तुम्ही मासे खाता का?" मुंबईपासून विरारपर्यंत कितीतरी जणांनी हा प्रश्न ऐकलाय. पुढे मग "नाही, तसं काही नाही, आम्हाला फक्त वासाचा त्रास होतो." एका सवयीवरून अख्खं कुटुंब ओळखायचं आणि दार लावायचं. पद्धत जुनीच. फक्त जाहीरनामा नाही.

आणि मग काय होतं? माणूस सवय लपवायला लागतो. ऑफिसच्या डब्यात बोंबील नेत नाही. सुकट भाजायची तर खिडक्या बंद करतो. कॉलेजमध्ये आईचा फोन आला की बाजूला जाऊन बोलतो, कारण घरची बोली मित्रांनी ऐकली तर हसतील.

इथे मला सामवेदी बोलीकडे यायचंय. ही बोली पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांत टिकली. मग पेशवाईत टिकली, मग इंग्रजांच्या काळात टिकली. चर्चमधल्या लॅटिन आणि पोर्तुगीजबरोबर टिकली, शाळेतल्या मराठीबरोबर टिकली. एकाच आळीत हिंदू आणि ख्रिस्ती दोघांच्या तोंडी टिकली. याच वसईतल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. म्हणजे स्टीफन्सची ओवी चारशे वर्षांनी वसईच्या माणसाकडे फिरून आली असं म्हणायला हरकत नाही.

पण आज या पट्ट्यातल्या किती घरांत लहान मुलांशी सामवेदीत बोलतात? मुलगा इंग्रजी शाळेत जातो. आई-बाबांना वाटतं, उच्चार बिघडतील. आजी नातवाशी तोडकंमोडकं हिंदी-इंग्रजी बोलायला लागते. कोणी बंदी घातलेली नाही. कोणी यादी लावलेली नाही. फक्त थोडीशी लाज वाटते.

ज्या काळात पकडणारे होते, तेव्हा लोकांना निदान कळत होतं की आपल्याकडून काहीतरी काढून घेतलं जातंय. म्हणून ते घट्ट धरून ठेवत होते. लाजेचं तसं नाही. आपण स्वतःच हळूच हात सैल करतो आणि वाटतं, आपण सुधारलो.

सगळ्याच सवयी जपायला हव्यात, असं मी म्हणत नाहीये. काही सवयी वाईटही असतात. काही नुसत्याच कंटाळवाण्या. तुम्हाला लुगडं नेसायचं नसेल तर नका नेसू. मासे आवडत नसतील तर नका खाऊ. आवड बदलते, बदलू दे. बटाटाही एके काळी नवाच होता. पण सोडताना एवढं बघा, हे मला आवडत नाही म्हणून सोडतोय, की कोणाच्या तरी नजरेला घाबरून सोडतोय? पहिल्यात काही वावगं नाही. दुसऱ्यात मात्र १७३६ ची ती यादी अजून चालू आहे, आणि शिपाई आपणच झालोय.

तर या आठवड्यासाठी छोटंसं काम देतो. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तीन प्रश्न विचारा. तुमच्या लहानपणी भातात मीठ कधी घालायचे? तुमच्या लग्नात बायका काय म्हणायच्या? आणि अशी कुठली सवय होती, जी तुम्ही लोक काय म्हणतील म्हणून सोडलीत? मोबाइलवर रेकॉर्ड करा. उत्तर त्यांच्या बोलीत येऊ दे, मध्येच "नीट मराठीत सांग ना" म्हणू नका.

आणि हो, पुढच्या वेळी मित्राच्या घरी जेवायला गेलात आणि भात वेगळा लागला, तर गप्प बसू नका. विचारा, तुमच्याकडे असा का करतात? संशयाने नाही, उत्सुकतेने विचारा. समोरची काकू बहुतेक हसून म्हणेल, "आमच्याकडे असाच करतात."

तेवढं उत्तर पुरे. आता आणखी थोडा भात वाढून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.